धुक्यात चुकलेला काटा

मी एक जुना लाइट मीटर आहे. नाव ऐकून भुवया वर गेल्या ना? जाऊ द्या, मला सवय आहे. मित्रांनो, पूर्वी फोटो काढण्याआधी उजेड मोजावा लागे आणि ते काम माझं होतं. साबणाच्या वडीएवढं माझं शरीर, पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खाचांची काच आणि पोटात एक नाजूक काटा. काचेवर जितका उजेड पडेल तितका काटा उजवीकडे सरकतो. तो पाहून फोटो काढणारा ठरवतो की कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा ठेवायचा.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्यासमोर एक राखाडी पुठ्ठा धरला आणि माझा काटा बरोबर मध्यावर आणून ठेवला. "हा राखाडी लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. मी ते इतकं लक्षात ठेवलं की विचारू नका! तेव्हापासून मला सगळं जग त्या पुठ्ठ्यासारखंच वाटतं. समोर पांढरीशुभ्र चादर असो, नाहीतर काळा कोट, माझ्या हिशेबी दोन्ही राखाडीच. हा माझा दोष आहे, आणि तो मी आधीच कबूल करून टाकतो.

माझी पहिली नोकरी एका छोट्या फोटो स्टुडिओत होती. मालक होते एक मामा, आणि त्यांच्या हाताखाली त्यांची भाची काम शिकत होती. घरात ती थोरली, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत. मामांनी पहिल्याच दिवशी मला तिच्या गळ्यात अडकवलं आणि बजावलं, "मीटरचं ऐकायचं, पण जावयासारखे त्याचे लाड करायचे नाहीत. उजेड दुरून मोजू नकोस. माणसाच्या गालापर्यंत जा. जाता येत नसेल तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात धर आणि तो मोज."

मला राग आला होता. जावई म्हणे! पण स्टुडिओच्या चार भिंतींत मी कधी चुकलो नाही. रांगणारी बाळं, ताठ बसलेले नवरा-नवरी, परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा म्हणून धावत आलेल्या मुली, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ यायचे. "आपला मीटर म्हणजे दगडावरची रेघ," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी फुगायचो. हळूहळू ती तळहात धरायची विसरू लागली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

ताईचे बाबा नावाडी होते. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना फोटोचा भारी संकोच होता. ताईने कॅमेरा उचलला की ते हमखास म्हणायचे, "माझं थोबाड काय पळून जातंय? उद्या काढ." घरच्या फोटोंच्या गठ्ठ्यात त्यांचा एक कान होता, एक कोपर होतं आणि तीन ठिकाणी पाठ होती. लेक गावभर फोटो काढत फिरते आणि बापाचा चेहरा कुठेच नाही, यावरून ताईची आई रोज कुरकुर करायची.

मग नदीवर पूल झाला. होडीचा शेवटचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी आईने ठणकावलं, "आता तरी काढून घ्या. भिंतीवर सगळे आहेत, तुम्ही तेवढे नाही."

बाबा म्हणाले, "बरं. पण होडीत काढायचा. आणि पहाटे, पाण्यातून वाफ निघते ना, तेव्हा."

ताईला तर काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत काठावर हजर. मित्रांनो, मी आयुष्यभर बल्बच्या उजेडात वाढलेला. असं काही मी पाहिलंच नव्हतं! पाण्यावर धुकं पसरलेलं होतं, पलीकडचा काठ पुसून गेला होता आणि बाबा होडीत वल्हं धरून उभे होते. त्यांच्या पाठीमागून सूर्य वर येत होता. धुक्याने तो सगळा उजेड पिऊन घेतला आणि चहूकडून माझ्या काचेवर ओतला.

ताई बाबांच्या जवळ जायला पाण्यात पाय घालणार, तोच बाबा ओरडले, "उतरू नको गं, गारठशील! तिथूनच काढ."

ती थांबली. तिचा तळहात वर येऊ लागला होता. मी शपथेवर सांगतो, अर्ध्यापर्यंत आला होता. पण पलीकडच्या काठावर उतारूंनी घंटा वाजवली, बाबांनी मान तिकडे वळवली, आणि ताईने घाईघाईने मलाच धुक्यासमोर धरलं.

माझा काटा सटकन टोकाला गेला. उजेड! उजेडच उजेड! कॅमेऱ्याचा डोळा अगदी पापणी लवेल इतकाच उघड, एवढाच वेळ, असं मी जीव तोडून सांगितलं. धुकं उजळ होतं, पण बाबांचा चेहरा सूर्याकडे पाठ करून सावलीत होता. त्या सावलीबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही. मला ती मोजताच आली नव्हती.

"बाबा, इकडे बघा!" ताईने हाक मारली आणि एकामागून एक सहा फोटो काढले. सहाही माझ्याच सांगण्यावरून.

मला चेहऱ्यावरचं हसू-रडू वाचता येत नाही. मला फक्त उजेड कळतो. म्हणून पुढची गोष्ट मला घरी पोचल्यावर ऐकून समजली. "आई, बाबा हसले गं!" ताई दारातूनच ओरडली. "दात दिसेपर्यंत हसले!"

फिल्म धुतल्यावर मामांनी ती बल्बसमोर धरली. धुकं आलं होतं, पाणी आलं होतं, सूर्य आला होता. बाबांच्या चेहऱ्याच्या जागी फिल्म सहाही वेळा कोरी होती, म्हणजे तिथे उजेड पोचलाच नव्हता. कागदावर छापल्यावर तिथे नुसता काळोख उमटला.

"तळहात धरला होतास?" मामांनी विचारलं. ताईने मान खाली घातली. मला मात्र कुणी काहीच बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

"परत काढू," मामा म्हणाले. बाबाही म्हणाले, "काढू की, काय घाई आहे?" पण होडी आता काठावर पालथी पडली होती. कधी ते म्हणत, "होडीच नाही, तर उभा कशात राहू?" कधी ताईच म्हणायची की धुकं पडू दे. असे दोन महिने गेले. ते दोन महिने मी तिच्या पिशवीत होतो आणि बाबा रोज अंगणात खुर्ची टाकून बसत होते. अंगणात उजेड छान असायचा. एके दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

पुढे मामांनी त्या सहांतला एक फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. लोक रस्त्यात थबकून बघायचे. सोनेरी धुकं आणि त्यात वल्हं धरलेली काळी आकृती! कुणीतरी तो स्पर्धेत पाठवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, "प्रकाशाचा अचूक अंदाज." इतकं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं, आणि मला तोंड लपवायला जागा सापडेना.

ताईने तो फोटो घरी आणला. आईने तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला, उजेडाकडे तिरका केला, पदराने पुसला. मग म्हणाली, "सुंदर आहे गं. पण यात हे कुठे आहेत?"

ताई ढसाढसा रडली. त्या दिवशी तिने मला खणात ठेवलं. बटणं, जुन्या किल्ल्या आणि तुटक्या चष्म्यांच्या सोबतीने मी किती वर्षं काढली, ते मलाही ठाऊक नाही. मला त्याची तक्रार नाही. मला फक्त ती पहाट परत हवी होती. निदान एवढं तरी सांगता यायला हवं होतं, की ताई, माझं ऐकू नकोस, पाण्यात उतर.

गेल्या थंडीत एकदा खण उघडला. ताईचे हात आता सुरकुतले आहेत. तिने मला गळ्यात घातलं आणि आईला हाताला धरून नदीवर नेलं. पहाट होती, धुकं होतं. आई काठावरच्या दगडावर बसली, केस सारखे करत म्हणाली, "आज नको गं, कशी दिसतेय मी! उद्या काढ."

"उद्या नाही," ताई म्हणाली. "आत्ता."

तिने मला वर धरलं. माझा काटा पुन्हा टोकाला! जन्मखोड, दुसरं काय? ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "ठाऊक आहे मला." मग ती चालत आईच्या अगदी जवळ गेली, आपला तळहात आईच्या गालाशी धरला आणि तिथला उजेड मोजला.

तो फोटो आता भिंतीवर आहे. आईची एकेक सुरकुती त्यात स्पष्ट दिसते. शेजारी बाबांचा फोटो आहे. आई रोज सकाळी दोन्ही काचा पुसते. स्वतःच्या फोटोवरून फडकं एकदाच फिरवते. बाबांच्या फोटोत काळ्या आकृतीचं डोकं जिथे आहे, तिथे ती पुन्हा पुन्हा पुसत राहते.

मित्रांनो, तुमच्याही घरात "उद्या काढ" म्हणणारं कुणीतरी असेल. त्यांचं ऐकू नका, आणि माझ्यासारख्या काट्याचंही ऐकू नका. पाय भिजले तर भिजू द्या. पण जवळ जा, त्यांच्या गालापर्यंत जा. बाबा त्या दिवशी हसले होते. ते हसू फक्त ताईने पाहिलंय, आणि ती आता म्हणते की तिलाही ते नीटसं आठवत नाही.