आधी कॅमेरा लावू दे

माझा धाकटा भाऊ बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करतो आणि त्याची बायको त्याचे व्हिडिओ काढते. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, जुने रेडिओ. लोक बघतात, भरपूर बघतात. का बघतात ते मला विचारू नका. मी आयुष्यभर लग्नांच्या शूटिंगची काटछाट केली. नवऱ्यामुलाच्या मामाचा रुसवा काढून तिथे फुलांचा हार चिकटवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आता लग्नं सोडली आणि यांच्या व्हिडिओंची काटछाट करते. दोन गल्ल्या सोडून राहते, धाकटा कॅमेऱ्याचं कार्ड आणून देतो, मी बसते कापत.

भावजयीला मी मनातल्या मनात डायरेक्टरबाई म्हणते. तोंडावर नाही म्हणत, एवढी अक्कल आहे मला. बाई मेहनती, त्यात शंका नाही. आभाळ कोसळलं तरी ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला व्हिडिओ जाणार म्हणजे जाणार. एकदा अंगात ताप होता, आवाज बसलेला, तरी गेला. सुरुवातीलाच चालू झालेली वस्तू दाखवायची, मग ती बंद कशी होती ते. व्हिडिओ गेला की जेवणाचं ताट झाकून ठेवून आधी लोकांना उत्तरं द्यायची. कोणी शिव्या घातल्या तरी 'धन्यवाद दादा' लिहायचं. शूटिंग चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि फ्रिजचा घरघर आवाज येतो म्हणून फ्रिजसुद्धा बंद. त्यापायी किती वेळा दूध नासलं असेल त्या घरात! पण चॅनल वाढलं, हे मान्य करायला पाहिजे. उगाच नाही वाढत.

एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. ताजं काही कॅमेऱ्याबाहेर वाया घालवायचं नाही. हसू असो, आश्चर्य असो, भांडण असो. धाकट्यानं "अगं, ऐक ना, आज काय झालं" म्हटलं की बाईंचा हात वर. "थांब, थांब, आत्ता नको सांगूस. आधी कॅमेरा लावू दे." मग दिवा लागणार, माईक लागणार, धाकटा कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवणार आणि मग गडी बोलणार. टाळीचं कारण असं, की त्यांचा आवाज वेगळा येतो. कॉलरला लावायचं एक चिमुकलं यंत्र आहे, ते आपलं आपण आवाज साठवत बसतं. चित्र कॅमेऱ्यात, आवाज त्यात. दोन्ही माझ्याकडे आले की मी टाळीला टाळी जुळवते.

मला त्या लोकांची काळजी वाटायची असं नाही. राग यायचा. नवराबायकोनं स्वयंपाकघरात बोलायचं सोडून टाळी वाजवून बोलायचं म्हणजे काय? पण दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये म्हणतात, आणि माझं नाक तसंही लांब आहे.

त्या दिवशी धाकटा कार्ड घेऊन आला तो बसलाच. एरवी उंबऱ्यातूनच पळतो. मी चहा दिला. त्यानं कप उचलला आणि लगेच खाली ठेवला. बशीचा आवाज झाला. मला ठाऊक होतं. महिन्यामागून महिने मी त्याचे हात बघत होते, पार जवळून, पडदाभर. सोल्डरिंग करताना उजवा हात थरथरायचा. मी ते तुकडे काढून टाकायचे आणि तिथे रेडिओचा चकचकीत चेहरा चिकटवायचे. मामाचा रुसवा तसा.

"डॉक्टरकडे जाऊन आलो, ताई," तो म्हणाला. "हे थांबणारं नाही म्हणाले. गोळ्यांनी कमी राहील, पण हळूहळू वाढणार."

"तिला सांगितलंस?"

"सांगायला गेलो. ती म्हणाली, थांब, आधी कॅमेरा लावू दे."

"आणि मग?"

"मग काय. म्हटलं, राहू दे, काही विशेष नाही."

"किती वेळा गेलास सांगायला?"

"मोजलं नाही," तो म्हणाला आणि हसला. मूर्ख कुठला! हसण्यासारखं काय होतं त्यात?

माझा तोल गेला. म्हटलं, अरे, ती बायको आहे का तुझी, का बातम्या देणारी बाई? हात धरून बसव तिला आणि सांग. तो मान हलवत राहिला. म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात लाइव्ह आहे. जाहीर करून झालंय. रेडिओ उघडून पुन्हा जोडायचा, लोकांसमोर, सलग."

म्हणजे आता माझी कात्री चालणार नव्हती. हात जसा आहे तसा सगळ्या जगाला दिसणार होता, आणि जगाबरोबरच त्याच्या बायकोलाही.

"लाइव्हच्या आधी तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन," मी म्हटलं. "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीत आहे."

"तू नको," तो एकदम म्हणाला. लहानपणी खेळणं हिसकावलं की असाच बोलायचा. "माझं मी सांगेन. तिला दुसऱ्याकडून कळलेलं मला चालणार नाही."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, कार्ड आणि ते चिमुकलं यंत्र टेबलावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता गेला. डोळे सुजलेले. मी विचारायच्या आत जिना उतरला. मी दार लावलं, हेडफोन घातले आणि बसले.

चित्रात नेहमीचं टेबल, नेहमीचा दिवा, मागे तोच निळा पडदा. टाळी वाजली. डायरेक्टरबाई हसतमुख. "मित्रांनो, आज हा मला काहीतरी सांगणार आहे म्हणे, आणि खरं सांगते, मलासुद्धा माहीत नाही!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी कॅमेरा लावलाच बाईंनी! आणि हा नंदीबैल समोर बसला.

त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं, तेच वाईट. सरावाचा माणूस, वाक्यं नीट, थांबायचं तिथे थांबला. हात वर धरून दाखवला. हात थरथरत होता आणि तो शांतपणे सांगत होता, जणू एखाद्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्याकडे बघत होती. "मित्रांनो," ती म्हणाली, आणि पुढे काही नाही. पुन्हा एकदा "मित्रांनो". मग उठली, तिचा पदर भिंगावरून गेला आणि चित्र संपलं.

मी तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा असं सांगतोय आणि हिला मित्र आठवतात! मी खुर्ची मागे सरकवली, हेडफोन काढायला हात वर नेला, तर कानात पावलं ऐकू आली. कॅमेरा बंद झाला होता, पण यंत्र धाकट्याच्या कॉलरलाच राहिलं होतं आणि चालू होतं.

दार लोटल्याचा आवाज. नळाचं पाणी, बराच वेळ. मग नळ बंद.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. इतकी वर्षं तिचा आवाज कापतेय, जोडतेय, पण हा नाही. "कधीपासून माहीत आहे मला. शर्टाची बटणं लावताना तू भिंतीकडे तोंड करतोस."

"मग बोलू का दिलं नाहीस मला?"

"नव्हतं ऐकायचं. कॅमेऱ्याचं नाव काढलं की तू गप्प बसायचास. तू गप्प बसलास की आणखी एक दिवस नेहमीसारखा जायचा."

"आणि मला वाटायचं, तुला व्हिडिओच सुचतो."

"स्क्रू मी का लावायला लागले रे? मला काय हौस आहे स्क्रूंची? मला धड पेचकस धरता येत नव्हता."

मी ते बघितलं होतं. अलीकडे प्रत्येक व्हिडिओत बारीक स्क्रू ती लावायची. मला वाटलं, बाईंना पडद्यावर मिरवायची हाव सुटली. तसं मी धाकट्याला बोलूनही दाखवलं होतं.

"मग आज कशाला लावलास कॅमेरा?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, आजही बुजशील. तू तर बोलूनच मोकळा झालास!"

तो हसला. तीही हसली असावी, मग ते हसणं फाटलं. बराच वेळ नुसतं रडणं, दोघांचं, कोणाचं कुठलं ते कळेना. फ्रिज मध्येच घरघरायला लागला, कोणीतरी चालू केला असणार.

"भीती वाटते गं," धाकटा म्हणाला. या वेळी वाक्य नीट नव्हतं. अडखळत होता, शब्द गिळत होता. "हात गेले तर... काय करू मी? आणि हे... लोकांच्यात जेवताना. सांडलं तर. चमचा तोंडापर्यंत... सांडलं तर सगळे बघतात."

"मग घरी जेवू," ती म्हणाली.

फोन वाजला तेव्हा मी दचकले. भावजयीचा होता.

"ताई, तो यंत्र देऊन गेला का तुम्हाला? मी त्याला म्हटलं होतं, आज काहीच देऊ नकोस." ती धापा टाकत होती. "आवाज कुठवर आलाय त्यात?"

"कॅमेरा बंद झाला तिथवर," मी म्हटलं.

"नक्की?"

"आज शिकले का मी हे काम? पुढे नुसती खरखर आहे."

तिनं सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. "मग सगळंच पुसून टाका. नाही करायचा तो व्हिडिओ."

"आणि लाइव्ह?"

"लाइव्ह होईल. रेडिओ मी उघडेन, तो शेजारी बसून सांगेल. चुकले तर चुकले. लोकांना काय सांगायचं, कधी सांगायचं, ते त्याचं त्यानं ठरवावं." मग म्हणाली, "तुम्हाला राग येतो ना माझा, ताई? काल तो म्हणत होता."

"छे! मला कशाला राग येईल?" मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला. मला तिची माफी मागायची होती. अगदी ओठांवर आलं होतं. उठावं, दोन गल्ल्या ओलांडाव्यात, तिला जवळ घ्यावं आणि सांगावं की बाई, मी तुला ओळखलंच नाही. पण कशाची माफी, असं तिनं विचारलं असतं, आणि मग मी सगळं ऐकलं हे तिला कळलं असतं. एवढं एकच बोलणं त्या दोघांचं स्वतःचं झालं होतं, तेही मी चोरून ऐकून बसले होते.

मी पुसून टाकलं. लाइव्हच्या दिवशी त्यांच्याकडे गेले, फ्रिजची वायर काढली, खिडकी लावली आणि एका कोपऱ्यात तोंड बंद करून बसले. ती म्हणाली, "ताई, आज गप्प का?" मी म्हटलं, "घसा बसलाय गं जरा."