झोंबी चावत नसतो

नख काही केल्या जमत नव्हतं. पाचही बोटं झाली होती, मनगट झालं होतं, मनगटाभोवतीच्या बाहीच्या चिंध्याही झाल्या होत्या – कबरीतून वर आलेला झोंबीचा डावा हात, लहान मुलांनी हिरवागार रंगवावा म्हणून जाड रेघेत काढलेला – आणि अंगठ्याचं ते एवढंसं नख बेव्हर्लीने चार वेळा पुसलं, चार वेळा काढलं, आणि चारही वेळा ते मधोमध चिरलेलंच उतरलं. पाचव्या वेळी तिचा हात थांबला. हे नख... हे नख मी ओळखते. वालाचा मांडव बांधताना कोयत्याने दुभंगलेलं आणि पुढे तीस वर्षं तसंच दोन फाकांत वाढलेलं डॅडींचं नख, आणि ते मी चिकटवलं कुणाला, तर रंगवायच्या पुस्तकातल्या भुताला!

तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. पण स्वतःवरची चीड माणसाला फार वेळ धरवत नाही, म्हणून ती लगेच सुबोधकडे वळली.

सुबोध म्हणजे अंधेरीतला तिचा संपादक. तिने महिनाभर झोंबींविषयी वाचून काढलं होतं, प्रत्येक चित्राखाली मुलांसाठी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या – की हा झोंबी मूळचा हैती बेटावरचा. की तिथे उसाच्या मळ्यांत गुलाम मरेमरेतो राबत, आणि त्यांच्या मनात एकच धास्ती असे, मेल्यावरही सुटका झाली नाही तर? कुणी मांत्रिकाने कबरीतून उठवून पुन्हा मळ्यावर जुंपलं तर? तोच हा झोंबी. बिचारा कुणाला चावत नाही, ओरबाडत नाही, मान खाली घालून सांगितलेलं काम करतो. त्या सगळ्या ओळी सुबोधने एका झटक्यात उडवल्या होत्या. "अगं, सात वर्षांच्या पोरांना गुलाम-बिलाम कशाला यार? सिनेमातला दे ना, चावणारा! दात मोठे कर. आणि क्रॉस जरा वाकडेतिकडे काढ, स्मशान कसं झकास भयाण दिसलं पाहिजे."

वाकडेतिकडे क्रॉस! अरे, येऊन बघ एकदा. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या सणाला, आम्ही कबरी घासूनपुसून धुतो, झेंडू वाहतो, मेणबत्त्या लावतो, शेजारच्या कबरीवर कुणी आलेलं नसेल तर आपल्यातली एक तिच्यावरही लावतो, आणि पोरं मधल्या वाटांवरून वेफर्स खात हुंदडत असतात... यातलं एक अक्षर ती त्याला बोलली नव्हती. दात मोठे करून दिले होते.

"बेव्हर्ली, अकराला बोलवलंय. तू येतंस ना गो?"

ल्युसी, तिची आई, दारात उभी होती. तिच्या हातात उशीचा अभ्रा होता – पांढरा, कोरा, कडेने क्रोशाची लेस, आठवडाभर बसून नुसत्या हाताच्या सवयीने विणलेली. त्यात डॅडींची हाडं घरच्यांनी घ्यायची होती.

मालाडच्या या जुन्या गावठाणात कुणालाही यात काही विशेष वाटत नाही. चर्चच्या दफनभूमीत जागा पुरत नाही, म्हणून दोन-अडीच वर्षांनी कबर उघडतात, हाडं भिंतीतल्या हातभर कोनाड्यात ठेवतात, वर नाव लिहितात, आणि मोकळ्या खड्ड्यात दुसरं कुणी निजतं. घरचं माणूस हजर नसलं तर हाडं सामाईक विहिरीत, म्हणजे सगळ्यांची हाडं एकत्र टाकायच्या कोरड्या खड्ड्यात, जातात. आजीच्या वेळी बेव्हर्ली तिथेच उभी होती आणि तिला पुढे घरी जाऊन जेवल्याचंही आठवत होतं. पण डॅडींच्या कबरीबद्दल चर्चची चिठ्ठी आली, 'हेन्री यांची कबर सोमवारी सकाळी अकरा वाजता रिकामी करण्यात येईल', तेव्हापासून तिच्या अंगाची लाही होत होती. रिकामी! मार्व्याच्या वाटेवरची वाडी डॅडींनी बिल्डरसाठी रिकामी केली, कारखाना बंद पडला तेव्हा कारखान्याची खोली रिकामी केली, हॉस्पिटलात तर जीव जाऊन तास झाला नव्हता तोच खाट रिकामी करायची घाई... माणसाने उठायचं तरी किती वेळा?

"मी नाही येत. बाराला चित्र पाठवायचंय."

ल्युसीने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं. अंगठाही तिने पाहिला असणार.

"नको येऊ," ती म्हणाली. "पण मना आता धड दिसत नाय. कुंडलिक जे देल ते घेवाचं. तुज्या डॅडीचं हाय का दुसऱ्या कुनाचं, मना काय कलनार?"

मग काय, रिक्षा. वाटेत नव्या टॉवरच्या फाटकावर मुलांच्या भुताखेतांच्या पार्टीसाठी प्लॅस्टिकचे सांगाडे टांगले होते, आणि वॉचमन शिडीवर चढून एकाची मान नीट बसवत होता. हौस म्हणून! बेव्हर्लीला वाटलं, उतरावं आणि ते सगळे ओरबाडून काढावेत. आई मांडीवरचा अभ्रा गुळगुळीत करत बसली होती.

कुंडलिक कंबरभर खड्ड्यात उतरला होता. वीस वर्षं गावठाणातली सगळी माणसं यानेच पुरली, यानेच काढली. "मागं उभ्या ऱ्हावा मावशी, माती उडल," तो म्हणाला. खाली बघायचं नाही असं बेव्हर्लीने ठरवलं होतं. ती समोरच्या कोनाड्यांवरची नावं वाचत राहिली, फावड्याचा आवाज ऐकत राहिली – आता लाकूड लागेल, आता ते डॅडींना... आणि आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

"नाय झालं, मावशी."

"काय नाय झालं?"

"अजून माती नाय झाली. पावसाचं पानी साचतंय ना हिकडं, त्यात हॉस्पिटलातली औषधं. हाय तसंच हायेत. बंद करायला लागंल. पुढल्या साली बघू."

ल्युसीने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली आणि अभ्र्याची घडी केली. बेव्हर्लीच्या पोटातून हसू वर आलं, तोंड दाबून धरावं लागावं इतकं. डॅडी उठले नव्हते! चिठ्ठी आली, तारीख ठरली, माणूस फावडं घेऊन आला, आणि डॅडी जागचे हलले नाहीत. शाब्बास, ती मनात म्हणाली, शाब्बास डॅडी... आणि त्याच दमात, तिला कळायच्या आत, ते हसू कडू झालं. मग तेव्हा का नाही? वाडीवर तो बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्याला बसायला खुर्ची दिलीत. मम्मी आत रडत होती आणि तुम्ही मला त्याच्यासाठी सरबत करायला लावलंत. मी अकरा वर्षांची होते. आणि मी केलं, साखर नीट ढवळून केलं. तेव्हा बसून राहिला असतात असे, एकदा, एकदाच...

पर्समध्ये फोन थरथरत होता. बारा वाजून गेले असावेत. कुंडलिक पहिलं फावडं भरून माती परत लोटू लागला. बेव्हर्ली कडेला गेली आणि ठरवलं नव्हतं तरी तिने खाली पाहिलं. सुबोधचा नव्हे, बिल्डरचा नव्हे, चिठ्ठीचाही नव्हे – तिला डॅडींचा राग आला होता, आजवर कधी आला नव्हता इतका, आणि तो ऐकून घ्यायला ते अजून होते.