हनुवटी टेकवा, हलू नका

मित्रांनो, मी डोळ्यांचे नकाशे काढणारे एक जुने यंत्र आहे. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो कुठे सपाट, कुठे फुगीर, हे माझ्या नकाशात रंगांवरून कळते. सपाट तिथे निळा, फुगीर तिथे लाल.

कारखान्यातून माझी रवानगी थेट डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. मला चालवणारी बाई तिथे सगळ्यांची ताई होती. रोज सकाळी काचेचा गोळा समोर ठेवून ती आधी माझी परीक्षा घ्यायची, मगच माणसे बसवायची. "हनुवटी टेकवा, हलू नका," हे तिचे पालुपद. डोळे चोळणाऱ्या पोरांच्या आईबापांना ती चांगलेच फैलावर घ्यायची. चोळून चोळून हा पडदा पातळ होतो, पुढे येतो, असे बजावायची. डॉक्टर आमच्या नकाशांवर खूश असत आणि मला ऊर नसूनही तो भरून येई.

तिची लेक शाळा सुटली की माझ्या शेजारीच अभ्यासाला बसायची. वहीत नाक खुपसून, डोळे चोळत. "आई, माझाही नकाशा काढ ना," असा तिचा हट्ट असे.

"हे पेशंटसाठी आहे, खेळणं नाही," म्हणत ताई पुढच्या माणसाला बोलवायची. लेकीच्या चष्म्याचा नंबर वाढला की खापर मोबाइलवर फुटे. डोळे चोळले की झोप आली असेल. मला सारे दिसत होते, पण बोलणार कसे?

शेवटी चष्मा लावूनही फळा दिसेना, तेव्हा ताईने तिला माझ्यासमोर बसवले. पोर इतकी हरखली की श्वास रोखून बसली. नकाशात दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग लालभडक आला. ताईने माझे भिंग पुसले, काचेचा गोळा ठेवून मला तपासले, पुन्हा नकाशा काढला. मी खोटे ठरावे, असे तिला फार वाटत होते. मलाही.

"छान आलाय का गं, आई?" लेकीने विचारले.

ताई नकाशा घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. पडदा फार पातळ झाला होता. झीज थांबवणारा उपचार त्याला पेलणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आता कुणी मरणानंतर दिलेला पडदा मिळेल, तेव्हाच तिला नीट दिसेल. ती अजून वाट बघते आहे.

नवे यंत्र आले आणि मला अडगळीत टाकले. ताई कधीतरी येते, माझी धूळ पुसते आणि हनुवटी टेकवायच्या जागेवर हात ठेवून रडते.

मित्रांनो, डोळे चोळू नका. आणि घरातले कुणी "माझेही बघ ना" म्हणाले, तर आधी त्याचे बघा. पुढचा माणूस थोडा थांबला असता.