इंग्रजी घसरलेला मुलगा

मुद्दाम नापास होणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. त्यालाही अभ्यास लागतो. उत्तरेश्वरला हे बीसीएच्या तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही ऐन परीक्षेत.

झालं होतं असं, की वाघोलीतल्या त्याच्या कॉलेजने त्या वर्षी मुलांचं इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं होतं. आता सुधारलं हे दाखवायचं, तर आधी ते वाईट होतं याचा पुरावा हवा. म्हणून जुलैत एक परीक्षा, मग चार महिने शिकवणी आणि नोव्हेंबरात पुन्हा तशीच परीक्षा. शब्दसंग्रह, व्याकरण, उताऱ्याचं आकलन असे साठ प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर एक तर ‘येस’ नाही तर ‘नो’. चार पर्याय देणारं सॉफ्टवेअर कॉलेजला महाग पडत होतं.

शिकवणीचं काम दीपाली मॅडमकडे होतं. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपायची आणि संचालकांच्या मनात आलं तर पावसाळ्यात पुन्हा उगवायची. या वर्षी संचालक म्हणाले होते, गुणांचा आलेख वर गेला तर बघू. त्यामुळे जुलैतल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी वर्गाचं दार लोटून घेतलं.

“मुलांनो, उद्याचा पेपर फार मनावर घेऊ नका.”

“म्हणजे मॅडम?”

“म्हणजे अजिबातच घेऊ नका. तुम्हाला आत्ताच सगळं आलं तर मी चार महिने काय शिकवू? जिना चढायचा तर आधी खाली उभं राहायला नको का?”

वर्गाला कळलं. पुण्यात वाढलेल्या पोरांना एवढा इशारा पुरतो. उत्तरेश्वर केजहून आलेला, पण कळलं त्यालाही, आणि अडचण झाली ती त्याच्या एकट्याचीच.

कारण उघड होतं. उत्तर चुकवायचं तर बरोबर कुठलं ते आधी माहीत हवं. बाकीच्यांना ते माहीत होतं. खडकीहून दोन बस बदलून येणाऱ्या रुमानाला तर नक्कीच होतं. तिचे अब्बा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि घरी रोज इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. उत्तरेश्वरचं इंग्रजी म्हणजे देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलेसारखं, आहे असं वाटायचं, पण वेळेला सापडायचं नाही. शेवटी त्याने एक पद्धत काढली. प्रश्न वाचायचा, आपल्याला काय वाटतं ते बघायचं आणि त्याच्या उलट बटण दाबायचं. येस वाटलं की नो, नो वाटलं की येस. मॅडमचं काम होईल, आपलं नाव होणार नाही, झाकली मूठ राहील.

निकाल लागला. रुमानाला चार गुण, कुणाला सहा, कुणाला दोन. उत्तरेश्वरला त्रेचाळीस. वर्गात पहिला.

“तू असा निघशील असं वाटलं नव्हतं,” दीपाली मॅडम म्हणाल्या. “एकाला मोठेपणाची हौस असतेच.”

“मॅडम, मी चुकवायचा फार प्रयत्न केला.”

“हो, दिसतोय प्रयत्न.”

रुमानाने त्याला कँटीनमागच्या कट्ट्यावर नेलं, पद्धत समजून घेतली आणि मोबाइलवरचे वीसेक प्रश्न त्याला टाकले. “मनात येईल ते सांग,” ती म्हणाली. त्याने सांगितलं. बहुतेक चुकलं. ती बराच वेळ त्याच्याकडे आदराने बघत राहिली.

“यार, तू होकायंत्र आहेस. फक्त उलटं. दक्षिण दाखवतोस, पण न चुकता दाखवतोस.”

“मग आता कसं?”

“आता काय, मिरव.”

मिरवावं लागलंच. संचालकांनी त्याच्या शर्टावर ‘इंग्लिश अँबॅसडर’ असा बिल्ला लावला. ऑफिसातले लोक त्याच्याकडून इंग्रजी नोटिसा तपासून घेऊ लागले. तो प्रत्येक नोटीस डोळे बारीक करून वाचायचा, एखादा स्वल्पविराम खोडायचा आणि “परफेक्ट” म्हणायचा. एका नोटिशीत ग्रंथालय रविवारी बंद राहण्याऐवजी रविवारपासून कायमचं बंद झालं, आणि त्याच्या बिल्ल्याकडे बघून कुणी शंका काढली नाही. असं काही झालं की त्याला दिवसभर जेवण जायचं नाही.

खरी धास्ती ऑगस्टात आली. खराडीची एक कंपनी डिसेंबरात मुलाखती घ्यायला येणार होती, आणि संचालकांनी दोन अटी लावल्या. नोव्हेंबरच्या परीक्षेत किमान छत्तीस हवेत. आणि गुण जुलैपेक्षा कमी नकोत. दुसरी अट त्यांनी आपली शोभेसाठी घातली होती. शिकून कुणाचं इंग्रजी कमी झाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

म्हणजे बाकीच्या वर्गाला छत्तीस, आणि उत्तरेश्वरला एकट्याला त्रेचाळीस. मुलाखतीला बसता आलं नाही तर काय, हे ठरलेलं होतं. केजला मामाचं मंगल कार्यालय होतं आणि मामा, म्हणजे हिंमतराव, त्याला तिथे भांडारप्रमुख करायला टपून बसला होता. भांडारप्रमुखाने लग्नाआधी खुर्च्या मोजायच्या आणि लग्नानंतर पुन्हा मोजायच्या. आधीचा भांडारप्रमुख झोपेतही मोजायचा, म्हणून त्याची बायको माहेरी गेली होती.

“कसं चाललंय रं विंग्रजी?” आई फोनवर विचारायची. कौशल्याबाई अंगणवाडीत होत्या आणि पोराच्या बिल्ल्याचा फोटो तिथल्या भिंतीवर पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी लागला होता.

“चांगलंय.”

“मामा म्हन्तोय, खुर्च्या नव्या आणल्यात.”

“आई, नंतर बोलू?”

मग तो अभ्यासाला लागला. रुमाना रोज शेवटच्या तासानंतर त्याला शिकवायची. शिकवताना हसायची आणि हसून झाल्यावर पुन्हा शिकवायची. आधी शब्द जमले, मग वाक्यं; अर्धा उतारा कळू लागला. आणि नेमकी इथेच माशी शिंकली. ऑक्टोबरात रुमानाने पुन्हा वीसेक प्रश्न टाकले, तर त्याची बरीचशी उत्तरं बरोबर आली. सगळी नाहीत. बरीचशी.

रुमानाचा चेहरा उतरला.

“आता तू बिघडलास,” ती म्हणाली. “आधी उलट केलं की भागायचं. आता कधी बरोबर असतोस, कधी चूक. भरवसा राहिला नाही तुझा.”

“मग परीक्षेत सरळ दाबू का उलट?”

“मला काय विचारतोस? तुला काय वाटतं?”

हाच तर प्रश्न होता. त्याला वाटत होतं, सरळ. पण त्याला वाटणारं चूक असतं, म्हणजे उलट. पण हेही त्यालाच वाटत होतं. या विचारात तो केसनंद फाट्यावर उभा राहिला आणि त्याच्या समोरून तीन बस गेल्या.

नोव्हेंबरात लॅबमध्ये बसला तेव्हा माउस घामाने बोटांतून सुटत होता. पहिले काही प्रश्न त्याने सरळ सोडवले, पुढचे उलटे, मग एक सरळ, एक उलटा. मधल्या एकाला त्याने डोळे मिटून बटण दाबलं आणि उघडल्यावर कुठलं दाबलं ते बघायचं धाडस झालं नाही. मग उतारा आला. चमच्यांच्या संग्रहालयाचा. त्या संग्रहालयात वर्षानुवर्षं कुणी आलेलं नसतं, तरी तिथला पहारेकरी रोज सगळे चमचे पुसून ठेवतो, आणि संध्याकाळी दाराशी उभा राहून न आलेल्या लोकांना नमस्कार करतो. खाली प्रश्न होता: पहारेकरी आपल्या कामाला कंटाळला आहे. येस की नो?

छे, कंटाळला कसला, उत्तरेश्वरच्या मनात आलं. कंटाळलेला माणूस नमस्कार कशाला करेल? त्याला त्या माणसाची काळजी वाटली. पगार तरी वेळेवर देत असतील का? आणि मग एकदम लक्षात आलं, की आपण हे सगळं इंग्रजीत वाचलंय आणि वाचताना मराठीत काही करावं लागलेलं नाही. त्याने ‘नो’ दाबलं. त्यानंतर त्या पहारेकऱ्याविषयी उलटं काही बोलायला त्याचा हात धजेना. राहिलेले सगळे प्रश्न त्याने जसे वाटले तसे, भीत भीत, सरळ सोडवले.

अडतीस आले. छत्तीसच्या वर दोन, त्रेचाळीसच्या खाली पाच.

आलेख भिंतीवर लागला. सगळ्या वर्गाच्या रेघा दिवाळीच्या बाणांसारख्या वर गेलेल्या, आणि त्यातून एकच रेघ खाली येत होती. मुलाखतीच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: अपात्र, इंग्रजी घसरले.

संचालकांनी याची चौकशी करायला कर्वेनगरचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले. गोपाळकृष्ण सर. सरांनी आलेख बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

“चार महिने इंग्रजी शिकवून इंग्रजी कमी केलंत. अभिनव उपक्रम आहे,” ते म्हणाले. संचालक हसले, मग हसायचं नव्हतं हे कळून थांबले. दीपाली मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. “बसा. नाव?” सरांनी उत्तरेश्वरला विचारलं.

“उत्तरेश्वर.”

“परीक्षेला शोभणारं आहे. हं, बोला. काय झालं?”

मॅडमचं नाव घेतलं तर त्यांची नोकरी जाणार, नाही घेतलं तर खुर्च्या. त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडम संचालकांच्या टेबलावरच्या माशांच्या काचपेटीत असं बघत होत्या, की आता उडीच मारतील.

“सर, जुलैचे त्रेचाळीस माझे नाहीत.”

“मग कुणाचे?”

“माझेच. पण उलटे. मला जे वाटायचं ते सोडून मी दुसरं दाबलं. सगळ्या प्रश्नांना.”

“असं का केलंत?”



“सर, माझा माझ्यावर विश्वास नव्हता.”

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. मॅडमनी श्वास सोडला तो माशांनाही ऐकू गेला असावा. सरांनी बोटाने कागदावरच्या बाकीच्या वर्गाचे जुलैचे आकडे चाचपले.

“आणि बाकी वर्गाचाही स्वतःवर विश्वास नव्हता वाटतं? मॅडम, साठात चार मिळवायला फार अभ्यास लागतो, बरं का. काही येत नसेल तर तीस मिळतात.”

संचालकांनी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मला हा एक मुलगा तपासायला बोलावलंय, तेवढाच तपासतो.” सर उत्तरेश्वरकडे वळले. “तुम्ही म्हणता तसं असेल तर त्रेचाळीस उलटे म्हणजे सतरा. नाणं उडवलं असतंत तरी तीस आले असते. सतरा आणायला काहीतरी ठाम गैरसमज लागतात.”

“होते सर.”

“बघू गेले का.” त्यांनी जुलैचा पेपर पुढे ओढला. “मी वाचतो. पद्धत नको, उलटसुलट नको. तुम्हाला काय वाटतं, ते सांगायचं.”

रुमाना सोडली तर हे त्याला असं डोळ्यांत बघून कधी कुणी विचारलं नव्हतं. बटण दाबणं परवडलं असतं. सरांनी पहिला प्रश्न वाचला. उत्तरेश्वरला ‘नो’ वाटलं. लगेच त्याच्या आतून कुणीतरी ‘येस’ म्हणालं.

“नो.”

“नक्की?”

“नक्की नाही सर. पण नो.”

सरांनी खूण केली. पुढचा प्रश्न. मग त्याच्या पुढचा. सर न थांबता वाचत गेले, पण चूक की बरोबर ते चेहऱ्यावर उमटू देत नव्हते. कर्वेनगरात ही विद्या जुनी आहे. शेवटी त्यांनी पेन ठेवलं.

“दहा विचारले. तीन चुकले.”

उत्तरेश्वरच्या डोळ्यांपुढे खुर्च्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या.

“चुकले हे बरं झालं,” सर म्हणाले. “दहाही बरोबर आले असते तर पाठ केलंय म्हणून मी हाकलून दिलं असतं. शिवाय हे तीन जुलैच्या पेपरात बरोबर आहेत, म्हणजे तेव्हा याने उलटंच दाबलं होतं. हा मुलगा खरं बोलतोय. जुलैला सतरा लिहा, आणि त्याला यादीत घ्या.”

संचालकांनी मोबाइलवर वजाबाकी केली. “सतरावरून अडतीस! म्हणजे एकवीसची वाढ.”

“प्रामाणिक वाढ म्हणाल तर कॉलेजातली ही एकच आहे,” असं म्हणून सरांनी पिशवी उचलली आणि मॅडमकडे न बघता ते निघून गेले.

“मग डिसेंबरात कंपनीच्या लोकांचं स्वागत हाच करेल,” संचालक म्हणाले. “इंग्रजीत. पाच मिनिटं. मॅडम, तुमच्या उपक्रमाचं हेच उदाहरण!”

बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये दीपाली मॅडम त्याच्याशेजारून चालत राहिल्या. जिन्यापाशी थांबून म्हणाल्या, “तू माझं नाव घेतलं नाहीस.”

“नाही मॅडम.”

“भाषण लिहून देऊ का? पाठ कर फक्त. चूक व्हायला नको.”

“नको मॅडम. मी लिहितो.”

मॅडम हसल्या आणि पुढे गेल्या. उत्तरेश्वर तिथेच कठडा धरून उभा राहिला. ‘मी लिहितो’ हे आपण उलट विचार न करताच बोलून टाकलंय, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा मॅडम जिना उतरून दिसेनाशा झाल्या होत्या.