चेहऱ्यावरून की घरावरून

सोमवारपासून इस्पितळाचे सगळे ईमेल पायी येऊ लागले. त्यातले बहुतेक स्पॅम, लॉटऱ्या आणि गोळ्या विकणारे. दुपारपर्यंत त्यांनी डॉक्टरांच्या खुर्च्याही बळकावल्या. मेल सर्व्हर सांभाळणारी हेमांगी बोंद्रे स्टूल घेऊन दारात बसली.

"ग्रेलिस्टिंग लावा," अधीक्षक साखळकर म्हणाले. "अनोळखी आला की 'दहा मिनिटांनी या' म्हणायचं. खोटा परत येत नाही, त्याला पुढची दारं गाठायची असतात. खरा येतो. परत आलेला ओळखायचा कशावरून, तेवढं ठरवा. चेहऱ्यावरून की घरावरून?"

हेमांगीने चेहरा निवडला. घर धरलं तर एकाच्या ओळखीवर घरातले सगळे आत येतात.

नियम लागला आणि अनोळखी आलेल्यांशी बोलताना तिच्या जिभेवर 'दहा मिनिटांनी या'शिवाय दुसरं वाक्य उमटेना. तासाभरात व्हरांडा मोकळा झाला.

मग पाकीट घेऊन एक गृहस्थ आले. "वॉर्ड सात, सदानंद बोंद्रे. मूत्रपिंड जुळलंय. पाचच्या आत यातल्या कागदावर त्यांचा होकार हवा."

सदूदादा तिचा सख्खा भाऊ. दोन वर्षं तो याच निरोपासाठी पडून होता. हेमांगीने पाकिटासाठी हात पुढे केला आणि तोंडाने म्हणाली, "दहा मिनिटांनी या."

दहा मिनिटांनी तेच पाकीट घेऊन एक बाई आल्या. "मघाशी आमचे भावजी येऊन गेले. घर मोठं आहे, ज्याचे हात रिकामे तो निघतो."

"दहा मिनिटांनी या." हेमांगीचे डोळे भरून आले.

मग एक म्हातारे आले. मग त्यांची सून. दर खेपेला दाराची चौकट बोटभर आवळत होती. साडेचारला हेमांगीचे खांदे दोन्हीकडून लाकडाला टेकले.

"सर, मला घर निवडायचंय," तिने तिथूनच साखळकरांना हाक मारली.

"त्या घरात माणसं किती, ठाऊक आहे?"

"नाही."

"मग निवडा."

तेच पाकीट घेऊन त्याच घरातली आणखी एक अनोळखी मुलगी आली. हेमांगीची जीभ सुटली. "या," ती म्हणाली, तशी चौकट सैल झाली.

मुलगी आत गेली. तिच्यामागून काका, माम्या, आत्या, चुलत जावई, सगळं घर आलं. कुणी गलका केला नाही. चपला ओळीने काढून ते वॉर्ड सातकडे चालू लागले. हेमांगी मागून धावली.

ते कॉटवर बसले होते. सदूदादा सरकून जागा देत होता, पुन्हा सरकत होता. पाचला दोन मिनिटं होती. डोक्यांच्या गर्दीवर त्याचा एक हात तेवढा दिसत होता. त्यात अजून न उघडलेलं पाकीट होतं, आणि प्रत्येक जण अदबीने वाकून त्यावर आपलं पाकीट ठेवत होता, अगदी तसंच.