ताईंचा डावा हात आणि माझी बटणं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी अक्षरं पुसट झालीत, लांब बटण कुरकुरतं, तरी मी अजून कामावर आहे. एकदा मात्र भंगारात जाता जाता वाचलो.

दवाखान्यात शिरताच दिसतं ते माझं टेबल. तिथे ताई पेशंटची नावं लिहून घेतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने मला पुसतात. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला. माउस धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळे आणि रांग चुळबुळ करू लागे. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "ताई, झेपत नसेल तर दुसरं कुणी बघू का?" ताई घाबरल्या. मीही.

मग त्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. तिने पडद्यावरच्या रजिस्टरच्या चित्रावर उजवी क्लिक केली, प्रॉपर्टीज उघडलं आणि शॉर्टकट कीच्या चौकटीत एक अक्षर दाबलं; अपॉइंटमेंटच्या चित्रालाही तसंच केलं.

"आता माउस नको. कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकदम दाब, रजिस्टर उघडेल. आरऐवजी ए दाबलंस की अपॉइंटमेंट. सगळं डाव्या हाताने."

"अगं, जमेल मला?"

"कणीक मळताना बघतेस का बोटांकडे?"

जमलं की! रांग भराभर सरकू लागली. मी तर हवेतच होतो.

पण एका संध्याकाळी कंपाउंडरभाऊंना आवराआवरीची हुक्की आली. "ताई, चित्रांवर क्लिक करतच नाही तुम्ही. मग ही गर्दी कशाला?"

"टाका काढून," ताई हसून म्हणाल्या.

सकाळी ताईंनी बटणं दाबली. काहीच उघडेना. रांग दाराबाहेर गेली. "कीबोर्ड गेला," म्हणत भाऊंनी माझी वायर उपसली आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. नवा कीबोर्ड आला, तोही ढिम्म. तेव्हा ताई आपल्या डाव्या हाताकडे बघत पुटपुटल्या, "म्हणजे आता हाही हात गेला वाटतं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

त्यांनी रडवेल्या आवाजात बहिणीला फोन लावला.

"ताई, पडद्यावरची चित्रं आहेत ना?"

"काढली. लागत नव्हती."

"अगं, बटणं त्या चित्रांनाच जोडली होती मी! चित्र गेलं की बटण मुकं. पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीतून, रिसायकल बिनमधून, परत आण ती."

भाऊंनी खाली मान घालून चित्रं परत आणली. ताईंनी बटणं दाबली आणि रजिस्टर उघडलं. मग त्यांनी मला खोक्यातून उचललं, पुसलं. "मला हाच हवा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, चालतं माणूस किंवा चालतं यंत्र अचानक थांबलं, तर त्याला बाजूला टाकण्याआधी एवढं विचारा: आपण त्याचं काय काढून घेतलं?