पुठ्ठ्याचा कीबोर्ड

"चपला बाहेर," मुख्याध्यापक मधुसूदन सर दारातच म्हणाले. "अन् मशीनले हात कोणी लावू नका. आधी हार काढू द्या."

प्रेमलताबाईंनी चपला काढल्या. त्यांच्यामागे नववीतली गोपिका वही छातीशी धरून उभी होती. बाईंच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. शाल-नारळ नको, असे कळवून त्यांनी एकच मागणी केली होती: गोपिकेने लिहिलेला प्रोग्रॅम शाळेच्या संगणकावर एकदा चालवून बघायचा.

संगणक १९८५ साली आला, त्याला चार वर्षे झाली होती. तो शिकवता यावा म्हणून बाईंना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवले गेले. तिथे एका यंत्राभोवती नऊ शिक्षक असल्याने त्यांच्या वाट्याला दिवसाला अकरा मिनिटे आली. परतल्यावर कळले, की शाळेत तेवढीही मिळणार नाहीत. बिघडलेल्या वस्तूचा जाब विचारला जातो, न वापरलेल्या वस्तूचा नाही, हे प्रशासनाचे सार मुख्याध्यापकांना कोणत्याही प्रशिक्षणाविना अवगत होते. त्यांनी यंत्राला मखमलीची झूल शिवून घेतली, खोलीला कुलूप घातले आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, झूल काढून हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. लकडगंजातले आरा मशीनवालेही त्या दिवशी करवतींची पूजा करतात. फरक इतकाच, की दसरा सरला की त्यांच्या करवती लाकूड कापू लागतात.

मग बाईंनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड रेखला आणि संगणक त्या स्वतःच झाल्या. मुलींनी पुठ्ठ्यावरच्या कळा दाबत प्रोग्रॅम वाचायचा, शेवटी 'रन' म्हणायचे आणि बाईंनी निर्विकार चेहऱ्याने तो ओळीबरहुकूम पाळायचा. चूक त्या दुरुस्त करीत नसत; यंत्र करीत नाही. गोपिकेच्या प्रोग्रॅमने नाव विचारायचे, उत्तर मिळताच नमस्कार करायचा आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जायचे. थांबण्याची ओळ लिहायला ती विसरली होती. बाई नाव विचारीत राहिल्या, नमस्कार करीत राहिल्या. वर्ग हसून बेजार झाला.

"बाई, थांबत काहून नाही तुम्ही?"

"थांब असं तू लिहिलं कुठं?" बाईंनी यंत्रपण क्षणभर सोडले आणि पुठ्ठ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "चालू प्रोग्रॅम अडवायचा तर ही कळ. एस्केप."

गोपिकेने थांबण्याची ओळ नंतरही घातली नाही. "राहू द्या ना, बाई. खरं मशीन तरी थकते का, पाहू."

शिपाई रुपरावांनी आता झूल उचलली. खाली सुकलेला झेंडू निघाला. कळांच्या फटींत हळद घट्ट बसली होती, नारळाच्या पाण्याचे ओघळ वाळून चिकट झाले होते. रुपरावांनी बटण दाबले. पुन्हा दाबले. पडदा काळाच राहिला. यंत्राच्या पोटातून मात्र मुंग्यांची एक रांग शिस्तीत बाहेर पडली.

"पाहा!" मुख्याध्यापक जवळजवळ समाधानाने म्हणाले. "म्हणूनच लावू देत नव्हतो हात. किती नाजूक असते हे!"

"सर, ते नारळाचं पाणी..."

"चूप राहा गा, रुपराव. पूजा बंद करू काय आता?" आणि बाईंकडे वळून ते म्हणाले, "चला, हॉलमध्ये सगळे बसून राहिले. शाल-नारळ आणून ठेवला आहे."

ते गेले. गोपिका वही मिटू लागली.

"मिटू नको वं," बाई म्हणाल्या. काळ्या पडद्याशेजारची खुर्ची ओढून त्या ताठ बसल्या. "रन दे."

गोपिकेने खऱ्या कळांवर पहिल्यांदाच बोटे टेकवली. त्या खाली जात होत्या. पुठ्ठ्याच्या कधी गेल्या नव्हत्या.

"तुमचे नाव काय?"

"गोपिका."

"नमस्कार, गोपिका. तुमचे नाव काय?"

गोपिका थोडी घुटमळली. "प्रेमलताबाई."

"नमस्कार, प्रेमलताबाई. तुमचे नाव काय?"

हॉलमधून हाक आली; दुसरी आली. दारात रुपराव कुलूप हातात घेऊन उभे राहिले. "बाई, पाच वाजून राहिले," ते हळूच म्हणाले. बाईंनी ऐकले नाही; यंत्राला तशी सूचना नव्हती. त्यांचा आवाज बसत चालला होता, पण नाव विचारणे थांबत नव्हते. डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि ओले होते.

गोपिकेने डावा वरचा कोपरा चाचपला. हळदीखाली कळेवरची अक्षरे दिसत नव्हती, पण जागा पाठ होती. तिने कळ दाबली.

बाई अर्ध्या शब्दावर थांबल्या.